व्यावसायिक संघाबरोबर सेवा-शिक्षणाचा अभ्यासक्रम कसा उभा करावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापनाचा पदवी अभ्यासक्रम चालतो. शहरातल्या व्यावसायिक संघाने 'मिळून काहीतरी करू' अशी तयारी दाखवली आहे. विद्यार्थ्यांनी संघाच्या सामाजिक उपक्रमांत काम करावे आणि त्याचे श्रेयांक (क्रेडिट) त्यांना मिळावेत, अशी विभागाची कल्पना आहे. समाजाच्या उपयोगाचे काम करता करता अभ्यासक्रमातला विषय शिकायचा, यालाच सेवा-शिक्षण म्हणतात. तर संघाकडे नेमके काय मागायचे, विद्यार्थ्यांना कोणते काम द्यायचे आणि गुण कशाचे द्यायचे?

असे अभ्यासक्रम आखण्यात आणि चालवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. उत्तर लांबणार आहे, कारण तिन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत.

संघाबरोबरच्या पहिल्या बैठकीत विद्यापीठाची मंडळी हमखास खेळाडू मागतात. कोणीतरी नावाजलेला खेळाडू शाळेत यावा, मुलांशी दोन शब्द बोलावेत, विद्यार्थ्यांनी व्यवस्था पाहावी. संघाचा जनसंपर्क विभाग लगेच हो म्हणतो, कारण तेवढे देणे त्यांना सोपे असते. अनेक लीगमध्ये अशा हजेऱ्या खेळाडूच्या करारातच धरलेल्या असतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये मंगळवार हा बहुतेक संघांचा सुट्टीचा वार, म्हणून शाळा-रुग्णालयांच्या भेटी वर्षानुवर्षे मंगळवारी होत आल्या आहेत. भेट तासाभरात उरकते, फोटो त्याच संध्याकाळी झळकतात आणि विद्यार्थ्यांच्या वाट्याला खुर्च्या मांडणे, रांग सांभाळणे आणि टी-शर्ट वाटणे येते. त्यात शिकण्यासारखे काहीच नसते असे नाही, पण ते कार्यक्रम-व्यवस्थापन झाले. त्याला सेवा-शिक्षणाचे श्रेयांक देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

संघाकडे खेळाडूंपेक्षा मोलाची एक गोष्ट असते: माणसे खेचून आणण्याची ताकद. आरोग्य केंद्राची पायरी न चढणारा, समुपदेशकाचे नाव काढले की विषय बदलणारा, विद्यापीठाच्या आवारात आयुष्यात न शिरलेला माणूस आपल्या संघाच्या मैदानावर आपण होऊन येतो. ही ओढ ना विद्यापीठाकडे असते, ना सरकारी खात्याकडे. म्हणून आधी एकच गोष्ट ठरवा: या संघाच्या नावाने कोण येईल, जो एरवी येत नाही? त्याचे उत्तर मिळाले की अभ्यासक्रमाचा निम्मा आराखडा तयार होतो.

याचे सर्वांत काटेकोरपणे तपासलेले उदाहरण स्कॉटलंडमधले आहे. वजन घटवण्याच्या वर्गांना पुरुष फारसे जात नाहीत, हे आरोग्य क्षेत्रात सगळ्यांना माहीत होते. तिथे बहुतेक बायका असतात, बोलणेही आहारपथ्याचे, आणि पन्नाशीच्या माणसाला तिथे आपण उपरे वाटतो. ग्लासगो विद्यापीठाचे संशोधक आणि स्कॉटिश व्यावसायिक फुटबॉल क्लब यांनी मिळून 'फुटबॉल फॅन्स इन ट्रेनिंग' हा उपक्रम चालवला. ३५ ते ६५ वयाचे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २८ किंवा त्याहून जास्त असलेले पुरुष. आठवड्याला एक अशी १२ सत्रे. जागा क्लबचे मैदान, शिकवणारे क्लबच्याच सामाजिक विभागातले प्रशिक्षक. प्रत्येकाला पावले मोजणारे यंत्र दिलेले, आठवड्यागणिक चालणे वाढवत न्यायचे. सत्राचा काही भाग बसून, आहार-मद्यपानाच्या सवयींबद्दल बोलण्यात; उरलेला स्टेडियममध्ये व्यायामात. चाहत्याला एरवी जिथे पाय ठेवता येत नाही अशा भागांत फिरायला मिळणे हेच मोठे आकर्षण होते. १३ क्लबांत ७४७ पुरुषांवर या उपक्रमाची यादृच्छिक नियंत्रित चाचणी झाली, म्हणजे कोणी लगेच सुरू करायचे आणि कोणी प्रतीक्षायादीत थांबायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून दोन गटांची तुलना केली, आणि २०१४ मध्ये ती 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. १२ महिन्यांनी पाहिले तेव्हा उपक्रमातल्या गटाचे वजन प्रतीक्षायादीतल्या गटापेक्षा सरासरी ४.९४ किलोने अधिक घटलेले होते. पुढे हीच कल्पना इंग्लंड, नेदरलँड्स, नॉर्वे आणि पोर्तुगालमधल्या क्लबांनी उचलली. कॅनडात तिने आइस हॉकीचे रूप घेतले.

यात कोणी काय दिले ते पाहा. क्लबने जागा, बिल्ला आणि आपले प्रशिक्षक दिले. विद्यापीठाने आराखडा दिला आणि परिणाम मोजला. सगळा डोलारा एखाद्या तारांकित खेळाडूच्या वेळापत्रकावर उभा नव्हता, म्हणून तो १३ ठिकाणी एकसारखा चालवता आला.

मात्र हा विद्यार्थ्यांचा अभ्यासक्रम नव्हता. विद्यापीठाकडून संशोधक उतरले होते. विद्यार्थी मध्यभागी असलेले उदाहरण हवे असेल तर इंग्लंडच्या वायव्य भागातले पाहावे. एव्हर्टन या फुटबॉल क्लबची सामाजिक संस्था 'एव्हर्टन इन द कम्युनिटी' आणि एज हिल विद्यापीठ मिळून २०१५ पासून 'टॅकलिंग द ब्लूज' हा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम शाळांत चालवतात. विद्यापीठाचे विद्यार्थी मार्गदर्शक म्हणून शाळेत जातात, खेळ आणि वर्गातल्या कृती यांच्या आधाराने मुलांशी चिंता, राग, आत्मविश्वास या विषयांवर बोलतात. चौदा वर्षांच्या मुलाला 'आज मानसिक आरोग्यावर तास आहे' म्हटले तर तो खिडकीबाहेर बघेल. क्लबचा बिल्ला लावलेला, वयाने पाच-सहा वर्षांनीच मोठा असलेला कोणी चेंडू घेऊन आला, तर निदान ऐकून तरी घेईल. ओढ संघाची, सातत्य विद्यार्थ्यांचे, विषयाचे ज्ञान विद्यापीठाचे. मला ही मांडणी सर्वांत टिकाऊ वाटते.

आता तिसऱ्या पक्षाकडे येऊ. तुमच्या प्रश्नात विद्यापीठ आहे, संघ आहे, विद्यार्थी आहेत. पण ज्यांच्यासाठी हे सगळे करायचे त्यांच्यातले कोणीच नाही. ही उणीव जवळपास प्रत्येक प्रस्तावात असते, कारण संघ आणि विद्यापीठ या दोन्ही बड्या संस्था असतात आणि बड्यांची बैठक चटकन जमते. सेवा-शिक्षणाची संकल्पना अमेरिकेत १९६०च्या दशकात रुजवणाऱ्यांपैकी एक, रॉबर्ट सिगमन यांनी १९७९ मध्ये तीन तत्त्वे मांडली. सेवेवर नियंत्रण ज्यांना सेवा मिळते त्यांचे असावे. त्या सेवेतून ते अधिक समर्थ व्हावेत. आणि सेवा करणारेही शिकणारे असावेत, आपण काय शिकायचे यावर त्यांचाही ताबा असावा. पहिल्या तत्त्वाला सगळे मान डोलावतात आणि पहिल्याच महिन्यात ते गुंडाळून ठेवतात.

व्यवहारात याचा अर्थ काय, ते सांगतो. संघाला शनिवारी सकाळी मुलांचे खेळ-शिबिर घ्यायचे असते; फोटो चांगले येतात, प्रायोजक खूश असतो. मुख्याध्यापिकेला विचारले तर त्या म्हणतात, शनिवारी मुलांना जायला ठिकाणे आहेत. आमची अडचण आठवड्याच्या मधल्या दिवसांची आहे. शाळा सुटल्यापासून आईवडील कामावरून येईपर्यंत दोन-अडीच तास मुले मोकाट असतात, तेव्हा कोणीतरी हवे. हे उत्तर संघाला अडचणीचे असते, कारण मधल्या दिवशी संध्याकाळी त्यांची माणसे सामन्याच्या तयारीत असतात. विद्यापीठाकडे मात्र त्या वेळेला मोकळे असलेले वीस-पंचवीस तरुण असतात. म्हणजे विद्यार्थ्यांचे खरे काम काय, हे शाळेने सांगितले. ते ना संघाला सुचले असते, ना प्राध्यापकांना. म्हणून संघाशी करार करण्याआधी शाळा, वस्ती-केंद्र किंवा रुग्णगट यांच्यापैकी ज्यांच्याबरोबर काम करायचे त्यांना बैठकीला बोलवा आणि बैठकीची विषयपत्रिका त्यांच्याकडून घ्या. मी नव्या भागीदारीची पारख करताना हाच एक कागद आधी मागतो: पहिल्या बैठकीची विषयपत्रिका कोणी लिहिली?

संघात कोणाला भेटायचे, हेही आधी ठरवा. इथे बराच वेळ वाया जातो. इंग्लंडमध्ये मोठ्या क्लबांचे सामाजिक काम सहसा स्वतंत्र नोंदणी असलेली धर्मादाय संस्था करते. तिचे विश्वस्त वेगळे, कर्मचारी वेगळे, हिशेब वेगळा. तिथे १९८६ मध्ये वायव्य भागातल्या काही क्लबांत व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेच्या पुढाकाराने 'फुटबॉल इन द कम्युनिटी' सुरू झाले, त्याचाच हा विस्तार. अमेरिकेत बहुतेक संघांकडे दोन दारे असतात: एक सामाजिक संपर्क विभाग, जो संघाच्या व्यवसायाचाच भाग असतो आणि विपणनाच्या जवळ बसतो, दुसरे संघाचे फाउंडेशन, जे अनुदान देते. शिवाय खेळाडूंची स्वतःची फाउंडेशन्स असतात, ती वेगळीच. विपणनवाल्यांशी बोललात तर चर्चा प्रेक्षकसंख्येवर जाते. कार्यक्रम प्रत्यक्ष चालवणाऱ्या माणसाशी बोललात तर पहिल्या पाच मिनिटांत तो सांगतो की त्याला मंगळवारी आणि गुरुवारी माणसे कमी पडतात. तुम्हाला हा दुसरा माणूस हवा आहे. तो सहसा पदाने लहान असतो, म्हणून कुलगुरूंच्या सोबतच्या छायाचित्रात दिसत नाही.

नवा कार्यक्रम काढण्याचा मोहही आवरा. लीग आणि संघ यांचे आधीच चालू असलेले कार्यक्रम भरपूर आहेत. बेसबॉलमध्ये 'आरबीआय' हा वंचित शहरी वस्त्यांत खेळ परत नेण्याचा कार्यक्रम माजी खेळाडू आणि प्रतिभाशोधक जॉन यंग यांनी १९८९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू केला, तो आजही आहे. अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगचा सामाजिक कार्यक्रम 'एनबीए केअर्स' २००५चा. मुलांनी रोज साठ मिनिटे खेळावे म्हणून एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगने काढलेला 'प्ले ६०' २००७चा. इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या अव्वल लीगचा 'प्रीमियर लीग किक्स' २००६ मध्ये लंडनच्या पोलिसांबरोबर सुरू झाला. तरुणांसाठी संध्याकाळची मोफत सत्रे, आणि तीही ज्या भागात त्यांची गरज आहे तिथेच. अशा चालू कार्यक्रमात एक मोकळी जागा शोधून तिथे विद्यार्थी बसवणे हे नवीन नाव, नवीन बोधचिन्ह आणि उद्घाटन यांच्यापेक्षा कितीतरी फायद्याचे. नव्या नावाचे नऊ दिवस असतात. मुले मात्र दहाव्या दिवशीही येतात.

वेळापत्रकाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे, कारण भागीदाऱ्या तत्त्वांवरून क्वचित मोडतात. तारखांवरून नेहमी मोडतात. तुमच्याकडे तीन कॅलेंडरे आहेत: विद्यापीठाचे सत्र, संघाचा हंगाम आणि शाळेचे वर्ष. एनएफएलचा नियमित हंगाम सप्टेंबर ते जानेवारीची सुरुवात, प्रत्येक संघाचे १७ सामने, त्यातले घरच्या मैदानावर आठ किंवा नऊ. उत्तर गोलार्धातल्या विद्यापीठाच्या पहिल्या सत्राशी हा छान जुळतो. एनबीएचा ऑक्टोबर ते एप्रिल, ८२ सामने, ४१ घरी; म्हणजे तो दोन्ही सत्रांवर पसरतो आणि बाद फेरी नेमकी परीक्षांच्या तोंडावर येते. प्रीमियर लीग ऑगस्ट ते मे, ३८ सामने, १९ घरी. बेसबॉलचे गणित सर्वांत अवघड: १६२ सामने, ८१ घरी, मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर, आणि त्यातला मोठा तुकडा विद्यापीठाच्या उन्हाळी सुट्टीत. पण त्याच काळात शाळकरी मुलांनाही सुट्टी असते आणि त्यांना सांभाळायला कोणी नसते. म्हणून बेसबॉल संघाबरोबर काम असेल तर उन्हाळ्यात सहा-सात आठवड्यांचा सलग अभ्यासक्रम घ्यावा. नेहमीच्या सत्रात कोंबायला गेलात तर घोडे अडलेच म्हणून समजा.

आणखी एक बारकावा. संघ बाद फेरीत पोचला की त्यांची माणसे दिसेनाशी होतात. संघ सलग हरू लागला तरी तेच होते, फक्त कारण वेगळे. इंग्लिश क्लब खालच्या श्रेणीत गेला तर उत्पन्न घटते आणि नोकरकपात होते. तेव्हा आठवड्याचे काम संघाच्या कर्मचाऱ्याशिवायही चालेल, अशी सोय पहिल्यापासून ठेवा. विद्यापीठाच्या पगारावर असलेला एक समन्वयक, अर्धवेळ का होईना, त्याला पर्याय नाही. प्राध्यापकाने आपल्या तासिकांतून वेळ काढून हे पाहावे अशी व्यवस्था असेल, तर तो पहिली दोन वर्षे उत्साहात करतो आणि नंतर पाट्या टाकतो.

सुरक्षेच्या बाबतीत घाई चालत नाही. मुलांबरोबर काम म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याची पार्श्वभूमी-तपासणी आणि बालसंरक्षणाचे प्रशिक्षण, पहिला पाय शाळेत पडण्याच्या आधी. इंग्लंडच्या फुटबॉलमधली बालशोषणाची जुनी प्रकरणे २०१६च्या अखेरीस उघड झाली. अशा प्रकरणांनंतर 'विद्यापीठाची मुले आहेत, चांगली असतील' एवढ्यावर कोणी भागवू नये. तपासणीचे कागद यायला काही आठवडे लागतात, म्हणून नावनोंदणी आधीच्या सत्रातच पूर्ण करा. वरातीमागून घोडे नेलेत तर सत्राचा पहिला महिना फुकट जातो आणि शाळा तुमच्या नावाने खडे फोडते. परिणाम मोजून ते प्रसिद्ध करायचे असतील तर विद्यापीठाच्या संशोधन-नीती समितीची मंजुरीही याच काळात घ्यावी.

आता विद्यार्थ्यांच्या कामाकडे. १५ आठवड्यांचे सत्र धरले तर पहिले तीन आठवडे तयारीचे, पुढचे दहा प्रत्यक्ष कामाचे, शेवटचे दोन आवराआवर आणि निरोपाचे. दहाही आठवडे तोच विद्यार्थी त्याच गटाकडे गेला पाहिजे, हा नियम मोडू देऊ नका. पाळीपाळीने सगळ्यांना 'अनुभव' मिळावा म्हणून माणसे फिरवली, तर मुलांना दर आठवड्याला नवे नाव पाठ करावे लागते आणि विद्यार्थी वरवरचे बघून परततो.

आठवड्याची एक भेट कशी जाते ते डोळ्यांसमोर आणा. शाळेची व्यायामशाळा, दुपारचे साडेतीन. दोन विद्यार्थी पंधरा मिनिटे आधी पोचलेले. एक शंकू मांडतो, दुसरी दाराशी हजेरीचा कागद घेऊन उभी. मुले आत येतात तशी ती नावाने हाक मारते आणि नावापुढे एक खूण करते: आज ऊर्जा कशी आहे, एक ते पाच, मुलानेच बोटे दाखवून सांगायचे. वीस मिनिटे खेळ. मग गोल करून बसणे आणि खेळातल्याच एखाद्या प्रसंगावर बोलणे: चेंडू हातातून सुटला तेव्हा तू स्वतःला काय म्हणालास? पुन्हा खेळ. शेवटी तीच बोटे. मुले गेल्यावर दोघे तिथेच जमिनीवर बसून दहा मिनिटे लिहितात: कोण आले नाही, कोण पहिल्यांदा बोलले, ठरवलेले काय जमले नाही. हा हजेरीचा कागद आणि ही दहा मिनिटे म्हणजे तुमच्या अभ्यासक्रमाचा कणा. संघाला यातले काही छायाचित्रात दिसणार नाही, पण वर्षअखेरीस त्यांच्या विश्वस्तांपुढे ठेवायला याच नोंदी कामी येतात.

मुलांबरोबरचे काम सगळ्यांनाच जमते असे नाही, आणि जमायलाच हवे असेही नाही. लाजाळू, आकड्यांत रमणारा विद्यार्थी हजेरीच्या नोंदींवर काम करू शकतो. कोणत्या वस्तीतून मुले येतच नाहीत हे तो नकाशावर दाखवू शकतो. हेही सेवेचेच काम आहे. फक्त सामन्याच्या दिवशी तिकीट तपासणे, कार्यालयात फोन घेणे, समाजमाध्यमांसाठी मजकूर लिहिणे ही कामे या खात्यात घालू नका. ती आंतरवासिता (इंटर्नशिप) आहे, आणि व्यावसायिक संघाकडून तिचे पैसे मिळायला हवेत. खेळाच्या क्षेत्रात शिरायला तरुण इतके आसुसलेले असतात की फुकट राबायलाही तयार होतात. विद्यापीठाने त्यावर श्रेयांकाचा शिक्का मारून ती सवय पक्की करू नये.

गुणांचा प्रश्न. तासांना गुण देऊ नका. ४० तास भरले म्हणून 'अ' श्रेणी, या पद्धतीने विद्यार्थी घड्याळाकडे बघायला शिकतो. तास ही पात्रता. ती भरल्याशिवाय बाकीचे तपासायचेच नाही. गुण शिकण्याच्या पुराव्याला. त्यासाठी सारा ॲश आणि पॅटी क्लेटन यांची तीन पायऱ्यांची चौकट मला उपयोगी पडते: आधी जे घडले ते नेमके सांगा, मग ते अभ्यासक्रमातल्या संकल्पनांच्या आधारे तपासा, मग त्यातून काय शिकलात ते मांडा. पहिली पायरी सोपी वाटते, पण विद्यार्थी तिथेच घसरतात.

पहिल्या आठवड्यात नोंदवहीत साधारण असे वाचायला मिळते: 'मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून धन्य वाटले. आपण किती भाग्यवान आहोत हे कळले.' यात मुले कुठेच नाहीत, लिहिणारा आहे. मी समासात एवढेच विचारतो: किती मुले होती? किती मुली? कोण कोपऱ्यात उभे होते? मध्यावर येईतो त्याच वहीत असे काहीतरी येऊ लागते: 'आज अकरापैकी सहाच आले. पाऊस नव्हता. सहाही मुले शाळेच्या जवळ राहणारी. उशिराची बस बंद झाल्याचे शिपायाने सांगितले. म्हणजे आपला कार्यक्रम बसवर अवलंबून आहे, हे आपल्याला माहीतच नव्हते.' दुसऱ्या नोंदीला गुण जास्त मिळतात, कारण तिच्यातून पुढे काम निघते: बसचे वेळापत्रक कोण ठरवते, त्या कार्यालयाशी बोलायला संघाचे नाव वापरता येईल का, की सत्राची वेळ बदलावी. संघाची ओढ माणसे दारापर्यंत आणते. दारापर्यंतची वाट मात्र बस, पाळणाघर, घरकाम आणि आईवडिलांच्या पाळ्या ठरवतात. विद्यार्थ्याला हे दिसू लागले की तो शिकतो आहे असे समजायला हरकत नाही.

आणखी एक भाग गुणांकनात असायलाच हवा, तो म्हणजे गैरसोयीचे प्रश्न. संघ हा व्यवसाय आहे, हे विद्यार्थ्यांपासून लपवण्यात अर्थ नाही. आरोग्याचे धडे देणाऱ्या प्रशिक्षकाच्या जर्सीवर सट्टेबाजीच्या कंपनीचे नाव असेल, तर विद्यार्थी विचारणारच. इंग्लंडच्या प्रीमियर लीग क्लबांनी एप्रिल २०२३ मध्ये सामन्याच्या शर्टाच्या पुढच्या बाजूवरून सट्टेबाजीच्या जाहिराती २०२५-२६ हंगामाअखेर काढण्याचे ठरवले, तो काही योगायोग नव्हता; दबाव वाढत गेला होता. तसेच स्टेडियमचे. सार्वजनिक पैशातून स्टेडियमे बांधली तर शहराला सांगितलेला आर्थिक फायदा सहसा मिळत नाही, यावर अर्थतज्ज्ञांचे बऱ्यापैकी एकमत आहे. मग संघाचा सामाजिक कार्यक्रम हा त्या मदतीची परतफेड आहे की तिच्यावरचे पांघरूण? वर्गात वाचायला देण्यासारखा एक दस्तऐवज म्हणजे लॉस एंजेलिसमधल्या तेव्हाच्या स्टेपल्स सेंटर या क्रीडागृहालगतच्या विकासासाठी २००१ मध्ये झालेला करार. त्यात रहिवाशांच्या आघाडीने विकासकाकडून स्थानिकांना नोकऱ्या, परवडणारी घरे आणि उद्यानांसाठी पैसा लिहून घेतला. रहिवासी आधी संघटित झाले आणि मग बोलणी झाली, हा क्रम विद्यार्थ्यांनी नीट बघावा.

अशी चर्चा चालते हे संघाला आधीच सांगून टाका. आमच्या वर्गात तुमच्यावर टीका होईल, ती आम्ही तुमच्यापासून लपवणार नाही आणि थांबवणारही नाही. चांगला भागीदार हे ऐकून घेतो. जो बिथरतो, त्याच्याबरोबर पुढे जाऊ नये. त्याला विद्यार्थी नको आहेत, टाळ्या हव्या आहेत.

सामंजस्य करारात बाकी नेहमीची कलमे असतातच. मी भांडून घालून घेतो ती तीनच. निष्कर्ष प्रतिकूल आले तरी विद्यापीठाला ते प्रसिद्ध करता येतील. संघाला ते आधी वाचायला मिळतील, खोडायला मिळणार नाहीत. दुसरे, मुलांचे छायाचित्र पालकांच्या लेखी संमतीशिवाय वापरले जाणार नाही आणि संमती नाकारली म्हणून कोणाला कार्यक्रमातून वगळले जाणार नाही. तिसरे, बाहेर पडण्याचे कलम: कोणताही पक्ष थांबणार असेल तर चालू शालेय वर्ष पूर्ण करूनच. संघ कायमचे असतात असे वाटते, पण ते जातात. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमधून बास्केटबॉल संघ २०१९ मध्ये खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेला, अमेरिकन फुटबॉलचा संघ २०२०च्या हंगामापासून लास वेगासचा झाला आणि २०२४च्या हंगामानंतर बेसबॉल संघानेही शहर सोडले. सिएटलचा एनबीए संघ २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला हलला. तिथल्या मुलांची शाळा मात्र होती तिथेच राहिली. म्हणून हजेरीच्या नोंदी, कृतिपुस्तिका आणि प्रशिक्षणाचे साहित्य यांवर शाळेचाही हक्क असावा, म्हणजे बिल्ला गेला तरी काम थांबत नाही.

पहिल्या वर्षी किती मोठे करावे, हे तुम्ही विचारलेले नाही, पण विभागप्रमुख विचारतीलच. एक शाळा, एक दिवस, दहा-बारा विद्यार्थी. संघ म्हणेल आमची वीस शाळांशी ओळख आहे, सगळीकडे जाऊ. नम्रपणे नाही म्हणा आणि त्याऐवजी दोन गोष्टी मागा: स्टेडियममधली एक खोली, जिथे सत्राच्या शेवटी मुले, पालक आणि विद्यार्थी बसून वर्षाच्या नोंदी एकत्र वाचतील, आणि कार्यक्रम प्रत्यक्ष चालवणारा त्यांचा माणूस, आठवड्यातून एक तास. खोली ते लगेच देतील. त्या एका तासासाठी मात्र तुम्हाला दोन-तीन बैठका घालवाव्या लागतील, त्या घालवा.